पुसलेल्या भिंती

आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर एक चित्र होते, असे आजी सांगत असे. मी ते पाहिलेले नाही. माझ्या जन्माच्या वीसएक वर्षे आधीच ते घर मुळशीच्या पाण्याखाली गेले होते. मुळा आणि निळा या नद्यांचे पाणी अडवून वीज काढायची असे ठरले, १९२१ साली त्याविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यापासून. लढा काही वर्षे चालला आणि फसला. पन्नासच्या आसपास गावे, त्यांची भातखाचरे, देवळे आणि आमराया पाण्यात गेल्या. हा इतिहास पुस्तकांत आहे. आजीच्या ओसरीवरचे चित्र मात्र कोणत्याच पुस्तकात नाही.

ते कोणा फिरत्या चिताऱ्याने काढले होते. दाराच्या उजव्या हाताला गणपती, त्याखाली घोड्यावरचा एक स्वार आणि स्वाराच्या मागून चालणारी एक बाई. रंग तीनच. गेरूचा तांबडा, काजळीचा काळा आणि कसला तरी हिरवा. ती बाई कोण, हे आजीलाही ठाऊक नव्हते. दर वर्षी दिवाळीच्या आधी आजी भिंतीला चुन्याचा हात देई, तेव्हा तेवढी जागा सोडून देई. "चितराला चुना लावायचा नाय, कडंकडंनं हात फिरवायचा," असे तिला तिच्या सासूने शिकवले होते. भोवतालचा चुना दर वर्षी एकेका थराने चढत गेला आणि चित्र भिंतीत किंचित खोल बसल्यासारखे दिसू लागले, कोनाड्यातल्या देवासारखे.

मी दहा वर्षांचा असताना एका उन्हाळ्यात पाणी फार उतरले. आजी, वडील आणि मी वाळल्या गाळावरून चालत जुन्या गावात गेलो. आजीने आपल्या घराचे जोते बरोबर ओळखले. दगड जागच्या जागी होते. मातीची भिंत विरघळून केव्हाच गाळात मिसळली होती. दाराच्या उजव्या हाताला, जिथे भिंत असायची तिथल्या मोकळ्या हवेकडे आजी थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "दगुड ऱ्हातो रं. लिवल्यालं जातं." आमच्याकडची जुनी माणसे चित्र काढले असे म्हणत नसत, चित्र लिहिले असे म्हणत.

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो. राजांच्या सनावळ्या शिकवताना आजीचे ते वाक्य पुन्हापुन्हा आठवे. लिहिलेले कसे जाते, याचा शोध मी माझ्या परीने घेत राहिलो. पाणी हे त्याचे एक कारण झाले. पण पाण्यापेक्षाही चमत्कारिक अशी काही कारणे मला भेटली, त्यांविषयी येथे लिहितो.

पहिले कारण आमच्या घरापासून फार लांब नव्हते. पौडहून कोळवणच्या खोऱ्यात शिरावे, तिकोना किल्ल्याच्या पायथ्याशी तिकोनापेठेला उतरावे, म्हणजे पवनेचे खोरे लागते. त्या खोऱ्यात, मावळ तालुक्यात, बेडसे गावाच्या वर डोंगरात लेणी आहेत. कार्ल्याला आणि भाज्याला जत्रेसारखी गर्दी असते. बेडशाला बहुधा कोणी नसते. १९७३ च्या हिवाळ्यात शाळेतली पंधरा-वीस मुले घेऊन मी तेथे गेलो.

सुमारे चारशे पायऱ्या चढून गेले की समोर नुसता कातळ दिसतो. चैत्याच्या पुढचा खडक लेणे कोरणाऱ्यांनी पुरता काढलाच नाही. दोन कातळांमधून एक अरुंद बोळ तेवढा ठेवला. त्या बोळातून आत शिरावे तो माथ्यापर्यंत गेलेले खांब एकाएकी अंगावर येतात. खांबांच्या शिरावर घोडे, हत्ती, बैल, आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे काम. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या पुष्पणक नावाच्या मुलाने येथे दान दिल्याचा लेख भिंतीवर आहे. एका महाभोजाच्या मुलीच्या, सामडिनिका नावाच्या महारठिनीच्या दानाचाही लेख आहे. ज्यांनी पैसे दिले त्यांची नावे दगडात राहिली.

आतल्या मंडपात एकेकाळी गिलावा होता आणि त्यावर चित्रे होती. आज तेथे उघडे खांब आणि उघडी भिंत आहे. काही गिलावा काळाने पडला असेल. पण उरलेल्याची हकीकत अशी की १८६१ च्या सुमारास कोणी इंग्रज अधिकारी लेणी पाहायला येणार असे कळले, तेव्हा इकडच्या अंमलदारांनी साहेबांच्या स्वागतासाठी लेणे साफसूफ करून रंगवून काढले. साहेबांना जागा स्वच्छ दिसावी एवढाच त्यांचा हेतू. त्या रंगसफेदीत जुन्या चित्रांचे राहिलेसाहिले अवशेष गेले.

ही हकीकत मी मुलांना सांगितली तेव्हा ती हसली. मलाही प्रथम हसू आले होते. त्या अंमलदाराला दुष्ट म्हणता येत नाही. पाहुणा येणार म्हणून घराला चुना काढणारा तो एक साधा गृहस्थ होता. माझी आजीही दर दिवाळीला तेच करीत होती. फरक एवढाच की आजी तेवढी जागा सोडत होती.

दुसरे कारण अजिंठ्याला सापडले, आणि त्यात माझाही थोडा हात आहे.

अजिंठ्याची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. वाघूर नदी घोड्याच्या नालासारखे वळण घेते, त्या वळणाच्या उंच कड्यात तीस लेणी आहेत. नववे आणि दहावे यांसारखी काही इसवी सनापूर्वीची, बहुतेक बाकीची पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली. सोळावे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिले. पुढे राज्य मोडले, दाते गेले, भिक्षू पांगले, आणि रान वाढले. आसपासच्या लोकांना गुहा माहीत होत्या. बाहेरच्या जगाला नव्हत्या. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीला आला असता दहाव्या लेण्याच्या कमानीपाशी पोचला. आत दगडमातीचा ढीग साचला होता. त्या ढिगावर उभे राहून त्याने एका खांबावर आपले नाव आणि तारीख कोरली. ज्या जागी कोरली तेथे एक चित्र होते. अजिंठ्याच्या चित्रांचा अर्वाचीन इतिहास सुरू होतो तो असा, चित्राच्या अंगावर ओरखडा काढून.

त्यानंतर पाहणारे येत राहिले. १८२८ साली आलेल्या मंडळींपैकी एका डॉक्टरांनी संग्रहालयासाठी म्हणून भिंतीवरच्या काही आकृती सोलून काढल्या. कोणी तुकडे विकले, कोणी विकत घेतले. अजिंठ्याच्या भिंतीचा एक तुकडा अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे. १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने आयुष्याची कितीतरी वर्षे तेथे राहून मोठ्या कापडांवर नकला केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि चार-पाच सोडून साऱ्या जळाल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले आपले विद्यार्थी नेले. ही मुले अनेक हंगाम लेण्यांत काम करीत राहिली. त्यांनी केलेल्या शेकडो नकलांपैकी कित्येक १८८५ साली लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन येथील आगीत गेल्या. चित्रे भिंतीवर चौदा-पंधराशे वर्षे टिकली आणि त्यांच्या नकला वीस-पंचवीस वर्षेही टिकल्या नाहीत, याला काय म्हणावे?

पण नकलांचा नाश हे मुख्य दुःख नव्हे. नक्कल करायची तर मूळ चित्र नीट दिसले पाहिजे. भिंती धुराने, धुळीने आणि वटवाघळांच्या घाणीने मळल्या होत्या. तेव्हा त्यांवर व्हार्निश दिले गेले. ओली झालेली भिंत जशी क्षणभर उजळते तसे रंग उजळले, नक्कल झाली, माणसे गेली, व्हार्निश राहिले. त्यावर धूळ बसली, ते पिवळे पडले. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ऑर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ आणवले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा पुन्हा भिंतीला धरवला, आणि ते काम मोलाचे होते. पण त्यांनीही चित्रांवर लाखेचा थर दिला. तोही काळाने तांबूस-पिवळा झाला. निळा रंग हिरवट दिसू लागला, पांढरा रंग हळदीचा दिसू लागला, आणि दोन पिढ्यांनी अजिंठ्याच्या 'उबदार' रंगसंगतीची स्तुती केली. त्या उबेतला बराच भाग लाखेचा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ तो थर इंचाइंचाने उतरवू लागले, तेव्हा खालून वेगळेच रंग वर आले.

मी प्रथम अजिंठ्याला गेलो १९७९ साली. तेव्हाही माझ्याबरोबर मुले होती. सतराव्या लेण्यात पहारेकरी लांब तारेला लावलेला दिवा हातात घेऊन पुढे चालला होता. तो दिवा जिथे धरी तेवढाच संसार अंधारातून बाहेर येई. राज्याबाहेर घालवल्याची बातमी बायकोला सांगणारा विश्वंतर. सिंहलद्वीपावर उतरणारे हत्ती-घोडे. भिक्षापात्र घेऊन स्वतःच्याच दारी आलेला बुद्ध आणि त्याच्यापुढे उभी असलेली यशोधरा, राहुलाला पुढे करणारी. बुद्ध फार मोठा काढला आहे आणि ती दोघे फार लहान. इतकी वर्षे हा प्रसंग मी पुस्तकात वाचला होता. सोडून गेलेला माणूस परत आला की घरच्यांना केवढा दिसतो, हे त्या दिवशी कळले.

पुढे एका कोपऱ्यात गिलावा फुटून त्याची कड दिसत होती. तेथे माझ्यातला शिक्षक जागा झाला. चित्राच्या खाली काय आहे हे मुलांना दाखवण्याची ही संधी होती. खडबडीत कोरलेला दगड, त्यावर मातीचा जाड लेप, मातीत भाताचे तूस आणि गवताचे तंतू, त्यावर चुन्याचा पातळ पांढरा हात, आणि तो वाळल्यावर डिंकात वा सरसात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवा दगड. आणि निळा तेवढा परदेशचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानाकडून आलेल्या राजावर्ताचा. हे सारे सांगता सांगता पहारेकऱ्याची पाठ वळली असताना मी त्या कडेवर बोट ठेवले. दाबले नाही, नुसते ठेवले. बोट काढले तेव्हा त्यावर मातीचा एक कण आणि तुसाचा एक बारीक तुकडा चिकटून आला होता.

पंधराशे वर्षांपूर्वी कोणा मजुराने पायाने मळलेली ती माती. मी बोट मुठीत लपवले. एका मुलीने ते पाहिले होते. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. परतीच्या गाडीत माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आजीच्या घराची भिंतही अशीच होती, माती आणि भाताचे तूस, वर चुना. अजिंठ्याच्या चित्रकाराने आणि आमच्या गावच्या गवंड्याने भिंतीचे एकच शास्त्र जाणले होते. जी भिंत पाण्याने नेली म्हणून मी आयुष्यभर हळहळलो, तिच्याच जातीच्या भिंतीचा कण मी माझ्या हाताने सोडवून आणला होता, आणि तोही मुलांना नीट दिसावे म्हणून!

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी इतर देशांतल्या भिंतींविषयी वाचू लागलो. मेक्सिकोच्या दक्षिणेला, चियापास प्रांताच्या घनदाट रानात, बोनाम्पाक नावाचे माया लोकांचे एक पडके नगर आहे. नावाचा अर्थच 'रंगवलेल्या भिंती' असा. हे नाव अलीकडच्या संशोधकाने दिलेले आहे. तेथील एका लहानशा इमारतीत तीन खोल्या आहेत आणि तिन्ही खोल्या जमिनीपासून छतापर्यंत चित्रांनी भरल्या आहेत. काळ इसवी सन ७९० च्या आसपासचा, म्हणजे वेरूळचे कैलास लेणे घडले त्याच शतकातला. पहिल्या खोलीत राजदरबार, शुभ्र झग्यांतले सरदार आणि कर्णे व कासवाच्या पाठी वाजवणारे वादक. दुसरीत लढाई, आणि पायऱ्यांवर बसवलेले, बोटांतून रक्त ठिबकणारे कैदी. तिसरीत पिसांचे पंख लावून नाचणारे लोक, आणि देवासाठी स्वतःच्या जिभेतून रक्त काढणाऱ्या राजस्त्रिया. त्यांचा प्रसिद्ध निळा रंग राजावर्ताचा नव्हे. नीळ आणि एक प्रकारची पांढरी माती तापवून त्यांनी तो घरच्या घरी बनवला. ही चित्रे उजेडात येईपर्यंत माया लोक म्हणजे शांतपणे तारे मोजणारे ज्योतिषी, अशी मोठमोठ्या पंडितांची समजूत होती. ती या तीन खोल्यांनी मोडली.

भोवतालच्या रानातल्या लाकांदोन लोकांना ही जागा ठाऊक होती. १९४६ साली त्यांच्या मदतीने जाइल्स हीली नावाचा अमेरिकन छायाचित्रकार तेथे पोचला. बाराशे वर्षे छतातून झिरपणाऱ्या पाण्याने चित्रांवर चुनखडीचा पांढरट पापुद्रा धरला होता. त्याने चित्रे अंधूक केली होती आणि त्यानेच ती राखलीही होती. मागोमाग नकला करणारे चित्रकार आले. चित्रे नीट दिसेनात, म्हणून त्यांनी भिंती रॉकेलने भिजवल्या. पापुद्रा पारदर्शक झाला, रंग झळाळले, नकला झाल्या. रॉकेल उडून गेले आणि भिंती पूर्वीपेक्षा निस्तेज होऊन बसल्या.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. बेडशाला चुना, अजिंठ्याला व्हार्निश आणि लाख, बोनाम्पाकला रॉकेल. तीन जागा, दोन खंड, आणि माणूस मात्र एकच. तो वाईट नाही. त्याला पाहायचे आहे, दुसऱ्याला दाखवायचे आहे, आणि आत्ता दाखवायचे आहे.

यावर कोणी म्हणेल, मग पाहूच नये काय? गुहा पुन्हा रानाच्या हवाली कराव्यात? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारला आहे आणि त्याचे सरळ उत्तर मला देता येत नाही. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांनी कागदा-कापडावर उतरवलेल्या कित्येक आकृती आज भिंतीवर उरलेल्या नाहीत. त्या नकला नसत्या तर त्या आकृती होत्या हेही आपल्याला कळले नसते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी चित्रकार नेऊन नकला करवल्या आणि १९३२ साली अजिंठ्यावर पुस्तक काढले. गुलाम याझदानी यांचे अजिंठ्यावरचे चार खंड १९३० ते १९५५ पर्यंत निघत राहिले. बोनाम्पाकच्या भिंतींवर जे उघड्या डोळ्यांना दिसत नव्हते, ते पुढे अवरक्त प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांनी भिंतीला हात न लावता दाखवले. रानाने चित्रे राखली हे खरे, पण रान काही राखणदार नव्हे. अजिंठ्याची कितीतरी चित्रे कोणी न पाहताच पडून माती झाली असतील. आणि आजीच्या भिंतीला तर पाहणारा कोणी संशोधक, कोणी कॅप्टन, कोणी कलाशाळेचा विद्यार्थी आलाच नाही. ती कोणी न बिघडवता गेली. त्यामुळे तिचे काहीच राहिले नाही.

तेव्हा पाहणे हा गुन्हा नाही. चूक होते ती पाहण्याच्या घाईची. आपल्या एका भेटीपुरते चित्र उजळून निघावे, मग त्याचे काही होवो, ही घाई. भिंतीचे आयुष्य पंधराशे वर्षांचे आणि आपली भेट अर्ध्या तासाची. त्या अर्ध्या तासासाठी भिंतीने बदलावे, का पाहणाऱ्याने अंधारात डोळे स्थिरावेपर्यंत थोडे थांबावे?

गेल्या हिवाळ्यात मुलगा मला पुन्हा अजिंठ्याला घेऊन गेला. आता फर्दापूरच्या तिठ्यावर स्वतःची गाडी सोडून बसने पुढे जावे लागते. चपला बाहेर काढायच्या, छायाचित्राला झोतदिवा लावायचा नाही, भिंतीपासून कठड्याने राखलेल्या अंतरावर उभे राहायचे. आत मंद दिवे आहेत. माझ्या शेजारी एक गृहस्थ कुरकुरले, "काहीच दिसत नाही हो, एवढ्या लांबून आलो." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी त्यांना म्हटले, "जरा थांबा, दिसेल." आम्ही दोघे पहिल्या लेण्यात पद्मपाणीपुढे उभे राहिलो. हळूहळू मुकुट दिसला, मग खाली झुकलेल्या पापण्या, मग हातातले निळे कमळ. गृहस्थ गप्प झाले.

मग मी सतराव्या लेण्यात गेलो आणि तो कोपरा शोधला. नक्की कोणता ते सांगता येईना. फुटलेल्या कडा आता सिमेंटसारख्या लेपाने बंद केलेल्या दिसल्या. माझ्या बोटाच्या आकाराची खूण अर्थातच कुठे नव्हती. रोज इतकी माणसे येतात. प्रत्येकाचा कण हिशेबात धरायचा तर भिंत उरणार नाही, आणि प्रत्येकाला आपला कण नगण्य वाटतो. मलाही १९७९ साली तसाच वाटला होता, म्हणजे तसा वाटावा म्हणून मी बराच प्रयत्न केला होता.

सव्विसाव्या लेण्याच्या दारावर बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा संस्कृत शिलालेख आहे. त्यात त्याने म्हटले आहे की जगात आठवण राहते तोवरच माणूस स्वर्गात सुख भोगतो, म्हणून डोंगरात चंद्रसूर्यांइतके टिकणारे स्मारक करावे. विचार मोठा आहे. पण लेणे कोरवणाऱ्याचे नाव राहिले आणि पद्मपाणी काढणाऱ्याचे राहिले नाही. आमच्या ओसरीवरच्या चिताऱ्याचेही नाही. ज्यांचे नाव राहत नाही त्यांची आठवण त्यांच्या रेघेतच असते, आणि रेघ पुसली की दुसरे काही हाती लागत नाही.

त्या उन्हाळ्यात, जुन्या गावचा गाळ तुडवून परत आल्यावर, मी शाळेच्या वहीत आजीच्या सांगण्यावरून ते चित्र काढायला बसलो होतो. गणपती लवकर जमला. स्वाराची पगडी तिने तीनदा खोडायला लावली. बाईपाशी आम्ही अडलो. मी एक चेहरा काढला, आजी म्हणाली, "अशी न्हवती." दुसरा काढला, "न्हाय रं बाळा, अशी बी न्हाय." तिसऱ्या वेळी मी रडकुंडीला येऊन विचारले, "मग कशी होती, सांग ना!" आजीने डोळे मिटले, बराच वेळ आठवून पाहिले आणि म्हणाली, "म्होरं बघून चालली हुती. ऱ्हाऊ दे तेवढी जागा."

ती वही माझ्याजवळ आहे. कागद पिवळा पडला आहे, पेन्सिल फिकी झाली आहे. मला आता बऱ्यापैकी चित्र काढता येते. त्या मोकळ्या जागी एक छानसा चेहरा काढावा असे दोन-तीनदा मनात आलेही. नातवंडांना दाखवायला चित्र पुरे झालेले बरे, असे वाटते. यंदा दिवाळीची साफसफाई करताना वही पुन्हा हाती आली. मी पान उघडले, नातीला जवळ बोलावले आणि गणपती दाखवला, स्वार दाखवला. "आणि ही कोण, आजोबा? हिला तोंड का नाही?" तिने विचारले आणि बोट पुढे केले.

"लांबून बघ," मी म्हटले, आणि तिला आजीची भिंत सांगू लागलो.